शब्दावर घेतलेला गोलरक्षक

देवगडात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन दाखल्यांचं दुकान आहे. दिवसाला पंधरा-वीस सातबारे काढून देतो. कुणी जमीन किंवा कलमांची बाग घ्यायला निघालेला असला, तर कागद हातात देताना मी न चुकता सांगतो, "काका, आधी इतर अधिकाराचा रकाना वाचा. बोजा आहे का बघा." हे रोज दुसऱ्यांना सांगणारा मी. आणि मीच तो रकाना न बघता एक सौदा केला. सात हजार रुपये गेले, तीन सीझन सांभाळलेला एक पोरगा गेला आणि लीगमधली पत गेली ती वेगळीच.

सौदा आईस हॉकीतला होता. हसा. माझे वडीलही हसले. देवगडात बर्फ बघायचा तर बंदरावर, मासळीच्या पेटीत. पण माझा आत्येभाऊ कॅनडात ब्रॅम्पटनला असतो. त्याने चार वर्षांपूर्वी मला एका सिम्युलेशन लीगमध्ये घेतलं. अशा लीगमध्ये मैदानात कुणी उतरत नाही. संगणकावर पूर्ण स्पर्धा चालते. 32 संघ, प्रत्येकाला एक मॅनेजर. खेळाडू निवडायचे, करार करायचे, अदलाबदल करायची, आणि आठवड्याचे सामने कमिशनर एकदम चालवून निकाल पाठवतो. आमच्या लीगमध्ये आठ-दहा मॅनेजर मराठी आहेत, बाकी कॅनडा-अमेरिकेतले. फी नाही, बक्षीस नाही. मॅनेजरांनी एकमेकांना पैसे द्यायचे नाहीत, हा नियम पहिल्याच पानावर ठळक अक्षरात आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नियम जवळपास खऱ्या एनएचएलसारखेच, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या आईस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगसारखे. तिथे 2004-05 चा सगळा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला आणि त्यानंतर संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2024-25 ला 8 कोटी 80 लाख. आमच्याकडेही तेवढीच. सगळी गंमत आणि सगळी लबाडी या मर्यादेभोवती फिरते. चांगला खेळाडू मिळत असतो, पण त्याचा पगार तुमच्या हिशेबात बसत नाही. त्यावर मालक आणि खेळाडूंच्या 2013 च्या करारापासून एक वाट आहे. विकणारा संघ खेळाडूचा काही पगार, जास्तीत जास्त अर्धा, स्वतःच्या खात्यावर ठेवू शकतो. आम्ही याला 'राखलेला पगार' म्हणतो. मात्र एका संघाला एका वेळी असे तीनच करार राखता येतात. चौथा नाही.

मार्चमध्ये अदलाबदलीची शेवटची तारीख असते. त्यानंतर सीझन संपेपर्यंत सौदे बंद. वरचे संघ त्या दिवशी किताबासाठी तयार खेळाडू उचलतात, आणि तळातले संघ आपले चांगले खेळाडू विकून पुढच्या निवडीतले हक्क (नवे खेळाडू फेऱ्या-फेऱ्यांनी निवडतात, त्यातली पाळी) आणि कोवळी पोरं जमवतात. आमच्याकडे मोहोर बघून बाग करारावर देतात ना, तसंच. एक आजचं फळ घेतो, दुसरा पुढल्या वर्षांचं.

माझा संघ 2024-25 च्या सीझनला पाचवा होता. फक्त गोलरक्षक कच्चा. तळातल्या एका संघाकडे एक फिनिश गोलरक्षक होता, वर्षाला 60 लाख डॉलर, करार त्या सीझनसकट तीन वर्षांचा. माझ्याकडे देण्याघेण्याचा हिशेब धरून 32 लाखांची जागा. म्हणजे त्याचा अर्धा पगार समोरच्याने राखला तरच तो मला परवडणार. हे त्याला माहीत होतं. आमचे पगारपत्रक सगळ्यांना उघडं असतं. त्याने माझं वाचलं होतं. मी त्याचं वाचलं नाही.

त्याचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे दादा म्हणायचो. फेब्रुवारीच्या अखेरीस, कुणकेश्वरची जत्रा नुकतीच झाली होती, तेव्हा त्याचा पहिला फोन. बोलणं मालवणीत. गाव कुठलं विचारलं तर "तुमच्या बाजूचोच" एवढंच. मी खूश. बाकी मॅनेजरांशी मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहितानाही माझी तारांबळ उडते, आणि इथे हा माणूस आंब्याचं, माशांचं, एसटीचं बोलून मग गोलरक्षकावर येतो. आठ दिवस रोज फोन. बदल्यात त्याला हवे होते दोन. माझा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क आणि एक 20 वर्षांचा स्वीडिश बचावपटू.

या पोराबद्दल थोडं सांगतो. संगणकातलाच पोरगा, खरा नाही, मला कळतं. पण तिसऱ्या फेरीत कुणी विचारत नव्हतं तेव्हा मी त्याला घेतला होता. तीन सीझन खालच्या संघात ठेवून वाढवला. कलम लावल्यावर पहिली काही वर्षं मोहोर खुडून टाकतात, झाड आधी वाढावं म्हणून, तसं. आता कुठे फळ धरायला लागला होता.

आत्येभाऊ म्हणाला, "फोर्सबर्ग करू नकोस." 2013 च्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी वॉशिंग्टनने फिलिप फोर्सबर्ग नावाचा 18 वर्षांचा स्वीडिश पोरगा नॅशव्हिलला देऊन मार्टिन एराट आणि मायकल लाटा हे दोघे घेतले होते. तो पोरगा पुढे नॅशव्हिलच्या इतिहासात सर्वांत जास्त गोल करणारा झाला. मी म्हटलं, माझ्याकडे किताबाची संधी आहे, तुला काय कळतं.

6 मार्चला दादाने नवीन विषय काढला. तुझ्या गोलरक्षकाचा अर्धा पगार दोन सीझन माझ्या डोक्यावर बसणार, माझं नुकसान, मला काहीतरी हातात दे. पाच हजार. मी म्हटलं, नियमात बसत नाही, आणि निदान हे ठरलंय तेवढं लीगच्या संदेशात लिहून ठेवूया. त्यावर तो जे बोलला ते मला पाठ झालंय. "अरे, आपण गाववाले. आपल्यात कागद कित्याक होयो? मी आसंय मा!"

मी पाठवले. यूपीआयवर नाव भलतंच आलं. विचारलं तर म्हणाला बायकोचं खातं. ठीक, म्हटलं.

आता ती रात्र. अमेरिकेतल्या पूर्वेच्या वेळेप्रमाणे 7 मार्चला दुपारी तीन, म्हणजे आपल्याकडे 8 तारखेला मध्यरात्रीनंतर दीड. (त्यांची घड्याळं दोनच दिवसांनी तासभर पुढे गेली. आधी गेली असती तर साडेबारालाच आटोपलं असतं, आणि मी कदाचित शुद्धीवर असतो.) खऱ्या लीगमध्येही त्या रात्री धुमाकूळ होता. कॅरोलायनाने मिको रांतानेनला डॅलसला दिलं, बॉस्टनचा कर्णधार ब्रॅड मार्शंड फ्लोरिडाला गेला. ग्रुपवर मेसेजांचा पाऊस.

अकरा वाजता दादाला फोन केला. सौद्याचा फॉर्म पाठव, आत्ताच उरकून टाकू. "जेवतंय, मगे बघूया." बारा वाजता उचलला नाही. एक वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडे लाइट गेली. वायफाय बंद. मी मोबाइल घेऊन पडवीत, तिथून अंगणात, रेंजची एक काडी येते तिथे उभा. एक सतराला त्याने फॉर्मचा फोटो पाठवला. त्यात 'राखलेला पगार' समोर स्वच्छ 50 लिहिलेलं. पाठोपाठ फोन. "बेगीन कर, येळ नाय. दुसरो गिऱ्हाईक लायनीत आसा."

एक तेवीसला फॉर्म माझ्या खात्यात आला. मोबाइलवर वर खेळाडूंची नावं दिसतात, पगाराची ओळ तळाला, खाली सरकवल्यावर. मी नावं बघितली. तळाला गेलो नाही. एक सव्वीसला मान्य केलं.

तळाला शून्य होतं.

हे कसं झालं ते मला नंतर कळलं, आणि इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. फॉर्म भरताना त्या चौकटीत कुणीही काहीही लिहू शकतो. 50 लिहायचं, फोटो काढायचा, मग पुसून शून्य करायचं आणि पाठवायचं. आणि त्याला 50 पाठवताच आलं नसतं. डिसेंबर-जानेवारीतच त्याने तीन खेळाडू पगार राखून विकले होते. तिन्ही जागा भरलेल्या. त्याच्या पगारपत्रकाच्या शेवटच्या रकान्यात तिन्ही नावं महिनाभर सगळ्या जगासमोर उभी होती. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असावा तशी. म्हणजे ज्या गोष्टीचे त्याने माझ्याकडून पाच हजार घेतले, ती विकायला त्याच्याकडे नव्हतीच.

सकाळी मी मर्यादेच्या 28 लाख वर. आमच्या लीगमध्ये मर्यादा ओलांडली की खाली येईपर्यंतचे सगळे सामने हरलेले धरतात. सौदे बंद, म्हणजे खेळाडू फुकट सोडून देणं एवढाच मार्ग. सोडलेला खेळाडू उचलायचा पहिला हक्क सगळ्यांत खालच्या संघाचा. सगळ्यांत खाली कोण, ते सांगायला नको.

मी दादाला फोन केला. त्याचा आवाज तोच, गोड. म्हणाला चुकून झालं असेल. मी म्हटलं कमिशनरला सांगतो. तेव्हा मालवणी संपली. "सांग की. पाच हजार दिलेस तेही सांग. दोघंही बाहेर जाऊ." एवढ्यावर थांबला नाही. तीन हजार दे, मी तुझे सोडलेले खेळाडू उचलणार नाही, म्हणाला.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटत असेल की आता तरी हा शहाणा झाला असेल. मी घासाघीस केली आणि दोन हजार पाठवले. दोन खेळाडू सोडले, एक 24 लाखांचा, एक 9 लाखांचा. दोघांनाही दुसऱ्या दिवशी त्यानेच उचललं.

मला सर्वांत जास्त लागलं ते इथे. पाच हजार मागितले तेव्हा तो माझ्याकडून फक्त पैसे घेत नव्हता, माझं तोंड बंद करत होता. मला आधी नियम मोडायला लावला, मग मी ओरडणार कुठे? नियमाबाहेरचे पैसे कुणी मागितले तर रक्कम किती आहे ते बघूच नका. शंभर रुपये असले तरी काम तेच.

बारा दिवस गप्प राहिलो. शिमग्यात पालखी दारात आली तरी माझं लक्ष नव्हतं. आईने ओळखलं, तिच्याजवळ बोललो, तिने वडिलांना सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खेळातल्या मानसाचो अर्धो पगार तू खऱ्या पैशान भरलंस?" आणि पुढे, "विसार देताना पावती घेतलंस काय?" बाग देताना ते शंभर रुपयांचा विसारही वहीत लिहून सही घेतात, समोर सख्खा मेहुणा असला तरी.

त्या रात्री मी लीगच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, स्वतःने पैसे दिल्याचंही. तासाभरात दोघांचे खासगी मेसेज आले. एक पुण्याचा, एक अमेरिकेतला, दोघे मराठी. दोघांनीही त्याला 'हातात काहीतरी' दिलं होतं. दोघांशीही तो 'गाववाला' म्हणून बोलला होता. पुण्याच्या माणसाला त्याने आपलं गाव सासवडजवळ सांगितलं होतं. मालवणी कुठे शिकला कोण जाणे, पण माझ्यापेक्षा बरी बोलायचा.

आत्येभावाने 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला लावला. तक्रार नोंदली. पहिला प्रश्न, इतके दिवस काय करत होतात? पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. माझ्या बाबतीत ते केव्हाच पुढे गेले होते. तुमच्यावर अशी वेळ आली तर लाज नंतर वाटून घ्या, फोन आधी करा.

कमिशनरने माझं आणि दादाचं ऐकलं. त्याला काढून टाकलं. मला दंड म्हणून पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा हक्क गेला. सौदा मात्र कायम. फॉर्मवर जे आहे तोच सौदा, फोनवर काय ठरलं ते लीगला माहीत नाही, असं त्याचं म्हणणं. मी चिडलो होतो. नंतर मार्शंडचा सौदा नीट वाचला. बॉस्टनला दुसऱ्या फेरीचा हक्क मिळणार होता, पण फ्लोरिडाने प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि तो निम्मे सामने खेळला तर तो पहिल्या फेरीचा होणार होता. तसं लिहिलं होतं. जूनमध्ये फ्लोरिडाने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा किताब, जिंकला आणि बॉस्टनला पहिल्या फेरीचा हक्क मिळाला. कुणाला फोन करून आठवण करून द्यावी लागली नाही.

दादाच्या संघाला आता नवीन मॅनेजर आहे, सरळ माणूस, ऑन्टारिओतला. मी त्याला स्वीडिश पोराबद्दल विचारलं. त्याने सभ्यपणे नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं असतं. पोरगा सध्या त्यांच्या बचावपटूंच्या पहिल्या जोडीत खेळतो.

गोलरक्षक माझ्याकडेच आहे. एप्रिलमध्ये आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर गेलो. करार अजून दोन सीझन आहे. पगार 60 लाख, पूर्ण.