स्कायरूट, अग्निकुल, पिक्सेल की इस्रो? कोकणातल्या मुलांसाठी एक तुलना

अवकाश क्षेत्रात नोकरी कुठे धरावी, याच्या मनातल्या यादीतलं एक नाव आधीच खोडून टाका, म्हणजे बाकीच्यांकडे शांतपणे बघता येईल: अमेरिकेची स्पेसएक्स. रत्नागिरी-चिपळूणकडची इंजिनिअरिंगची मुलं सल्ला विचारायला येतात ती बहुतेक हेच नाव घेऊन येतात. त्यात त्यांचा दोष नाही. डिसेंबर २०१५मध्ये या कंपनीने रॉकेटचा पहिला टप्पा परत आणून जमिनीवर उभा उतरवला, २०१७मध्ये एकदा उडालेला टप्पा पुन्हा उडवला आणि २०२०मध्ये नासाचे अंतराळवीर नेले. जून २०२५मध्ये आपले शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले ते याच कंपनीच्या यानातून. पण अमेरिकेत रॉकेटचं तंत्रज्ञान शस्त्रांच्या निर्यात कायद्यात मोडतं. त्यामुळे तिथे नोकरीला अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डवाला किंवा अधिकृत आश्रय मिळालेला माणूसच लागतो. तिकडे एमएस केलं म्हणून हे दार उघडत नाही. ब्लू ओरिजिन या तिथल्या दुसऱ्या रॉकेट कंपनीचंही तेच. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढण्याआधी एवढं तरी घरात मोठ्याने वाचून दाखवा.

मग उरतं ते आपल्याकडचं, आणि ते आता कमी नाही. २०२० साली केंद्राने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं आणि त्यांना परवाने देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था काढली. २०२३मध्ये अवकाश धोरण आलं, २०२४मध्ये परदेशी गुंतवणुकीची दारं रुंद झाली. आज कोकणातल्या मुलासमोर खरे पर्याय चार आहेत: इस्रो, रॉकेट बांधणाऱ्या नव्या कंपन्या, उपग्रह बांधणाऱ्या नव्या कंपन्या आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे जुने कारखाने. चौथा पर्याय सहसा कुणाच्या डोक्यातच नसतो.

इस्रोबद्दल फार सांगायला नको, फक्त फॉर्म भरताना घोळ होतो तेवढं सांगतो. बीईवाल्यांसाठी सायंटिस्ट-इंजिनिअर ‘एससी’ हे पद असतं. त्याला ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए लागतो, त्याखाली अर्जच करता येत नाही. फर्स्ट क्लास डिप्लोमावाल्याला टेक्निकल असिस्टंट, दहावी आणि आयटीआय केलेल्याला टेक्निशियन ‘बी’. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार अनुक्रमे ५६,१००, ४४,९०० आणि २१,७०० रुपये, वर भत्ते. जागा थोड्या, अर्ज अफाट. आणि एक गोष्ट खासगीवाले कधीच देऊ शकणार नाहीत: मे २०२५मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं सी-६१ उड्डाण तिसऱ्या टप्प्यात फसलं, तरी त्यापायी कुणाचा पगार थांबला नाही.

शिवाय रॉकेटचं मुख्य केंद्र तिरुवनंतपुरमजवळ थुंब्याला. रत्नागिरीला नेत्रावतीत बसलं की गाडी न बदलता तिरुवनंतपुरम. थुंबा हे मूळचं मच्छीमारांचं गाव. २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट उडालं तेव्हा गावातल्या चर्चमध्ये कामकाज चालायचं. समुद्र, माड, रापण, पावसाळा सगळं ओळखीचं. घरच्या आठवणीने पहिल्याच महिन्यात परत आलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं महत्त्व कळेल.

आता रॉकेटवाल्या दोन कंपन्या. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. लहान उपग्रहांसाठी लहान रॉकेट, तरुण संस्थापक, गुंतवणूकदारांचा पैसा. आतलं काम मात्र एकदम वेगळं.

हैदराबादची स्कायरूट २०१८ साली इस्रोतून बाहेर पडलेल्या पवन कुमार चंदना आणि नागा भरत डाका यांनी काढली. १८ नोव्हेंबर २०२२ला त्यांचं विक्रम-एस श्रीहरिकोट्याहून सुमारे ८९.५ किलोमीटर उंची गाठून आलं. भारतातलं ते पहिलं खासगी रॉकेट. ते कक्षेत जाण्यासाठी नव्हतंच. कक्षेत उपग्रह नेण्याचं काम विक्रम-१चं. यात खालचे टप्पे घन इंधनाचे आणि रॉकेटचं आवरण कार्बन धाग्याचं. इथे कोकणातल्या मुलाने कान टवकारावेत. बंदराकडे फायबरची होडी बांधताना बघितली असेल: काचेच्या धाग्याचं मॅट अंथरायचं, त्यावर रेझिन ओतायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. एक बुडबुडा राहिला की दोन वर्षांनी तिथूनच थर सुटायला लागतो. पावसाळ्यात हवा दमट असली की रेझिन नीट सेट होत नाही, म्हणून जाणता कारागीर हार्डनरचं प्रमाण आणि दिवस दोन्ही बघून काम धरतो. रॉकेटच्या आवरणात धागा यंत्राने साच्यावर गुंडाळतात आणि भट्टीत तापवून पक्का करतात. काटेकोरपणा कित्येक पटींनी जास्त, पण वैरी तेच, बुडबुडा आणि दमट हवा. कंपोझिटमध्ये, म्हणजे अशा धागा-रेझिनच्या कामात, हात बसलेला मेकॅनिकलचा मुलगा असेल, तर मी त्याला डोळे झाकून हैदराबादकडे बोट दाखवीन.

चेन्नईची अग्निकुल २०१७ची. आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेली. श्रीनाथ रविचंद्रन आणि मोईन एसपीएम हे संस्थापक, पाठीशी प्राध्यापक सत्या चक्रवर्ती. यांचं इंजिन द्रव इंधनाचं आणि थ्री-डी प्रिंटिंगने एकसंध छापलेलं. वेगवेगळे तुकडे करून वेल्डिंगने जोडण्याची भानगडच नाही. ३० मे २०२४ला त्यांनी श्रीहरिकोट्यात स्वतः बांधलेल्या लाँचपॅडवरून पहिलं चाचणी उड्डाण केलं. त्याआधी ते किती वेळा पुढे ढकललं गेलं, ते बातम्या पाहणाऱ्यांना आठवत असेल. ऐन वेळी व्हॉल्व्हने किंवा कॉम्प्युटरने दगा द्यायचा, द्रव ऑक्सिजन परत काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्याला व्हॉल्व्ह, सेन्सर, कंट्रोल, प्रवाहाचं गणित आवडतं आणि ज्याच्याकडे पाच वेळा तेच तपासण्याचा चिवटपणा आहे, त्याची ही जागा. ज्याला रोज काहीतरी नवीन हवं असतं, तो तिथे सहा महिन्यांत कंटाळेल.

दोघींपैकी भरवशाची कोण, हा बापलोकांचा प्रश्न. खरं सांगायचं तर रॉकेटच्या धंद्यात भरवसा हा शब्दच जपून वापरावा. स्पेसएक्सची पहिली तीन उड्डाणं फसली, सप्टेंबर २००८मधलं चौथं जमलं म्हणून कंपनी वाचली. उलट व्हर्जिन ऑर्बिटची चार उड्डाणं यशस्वी झालेली होती, तरी जानेवारी २०२३मधलं एक फसलं, पैसा आटला, मार्चमध्ये सुमारे ६७५ माणसं घरी बसली आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून ‘तुमची किती उड्डाणं झाली’ एवढं विचारून भागत नाही. ‘पुढची दोन उड्डाणं होईपर्यंत पुरेल एवढा पैसा आहे का’ हेही मुलाखतीत विचारावं. विचारायला लाजू नये, चांगल्या कंपनीतला माणूस उत्तर देतो.

उपग्रहांचं तसं नाही. तिथे रॉकेट दुसऱ्याचं असतं आणि गिऱ्हाईक लवकर मिळतं. बंगळुरूची पिक्सेल २०१९ साली अवैस अहमद आणि क्षितिज खंडेलवाल या दोघांनी बिट्स पिलानीत शिकत असताना काढली. त्यांचा शकुंतला हा उपग्रह एप्रिल २०२२मध्ये स्पेसएक्सच्या रॉकेटवरून गेला, आनंद त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या पीएसएलव्हीवरून. जानेवारी २०२५पासून त्यांची फायरफ्लाय मालिका वर जायला लागली. हे उपग्रह प्रकाशाच्या दीडशेहून जास्त पट्ट्यांमध्ये जमीन आणि पाणी बघतात, पाच मीटरपर्यंत बारकाईने. साध्या फोटोत हिरवं ते हिरवंच दिसतं. इथे कांदळवन कोणतं, शेवाळ कोणतं, गढूळ पाणी कोणतं हे वेगळं काढता येतं.

आणि इथेच आपल्या माणसाला वाव आहे, फक्त इंजिनिअरलाच नव्हे. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगावरून आणि तापमानावरून मासळी कुठे सापडेल याचे अंदाज कित्येक वर्षं देते आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते जी योजना सुरू झाली, तिच्यात एक लाख मच्छीमार बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉण्डर बसवायचे आहेत. चित्र वरून आलं तरी ते बरोबर आहे का, हे खाली पाण्यात उतरून पडताळायला लागतं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून निघालेल्या, थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र) शिकलेल्या मुलीला ते काम संगणकाच्या पदवीधराहून चांगलं जमेल असं माझं ठाम मत आहे, कारण तारली कधी वर येते हे तिला कुणी शिकवायला लागत नाही. हैदराबादच्या ध्रुव स्पेसचंही नाव लक्षात ठेवा. उपग्रहाचा सांगाडा आणि जमिनीवरची केंद्रं हे त्यांचं काम. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना बरं.

राहिला चौथा पर्याय. गोदरेज इस्रोच्या पीएसएलव्ही-जीएसएलव्ही रॉकेटांची ‘विकास’ नावाची इंजिनं बनवतं, विक्रोळीत. रायगडात खालापूरलाही त्यांनी या कामासाठी गुंतवणूक जाहीर केलेली आहे. वालचंदनगरला रॉकेटची आवरणं होतात. एल अँड टी आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स यांना मिळून पाच पीएसएलव्ही बांधण्याचं कंत्राट मिळालं, आणि छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचं तंत्रज्ञान हिंदुस्तान एरोनॉटिक्सने जून २०२५मध्ये ५११ कोटींची बोली लावून घेतलं. म्हणजे यापुढे सरकारी रॉकेटही जास्तीत जास्त कारखान्यांतच बांधली जाणार. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्याने स्टार्टअपच्या मागे लागण्याआधी इथे अप्रेंटिसशिप बघावी. पातळ पत्र्यावर आर्गन वेल्डिंग करणारा, सीएनसीवर मायक्रॉनमध्ये काम धरणारा, एक्स-रे लावून जोड तपासणारा माणूस या धंद्यात कायम हवा असतो आणि तो मिळत नाही. न्यूझीलंडचे पीटर बेक कधी विद्यापीठात गेले नाहीत. डाय बनवण्याची अप्रेंटिसशिप केलेल्या या माणसाने काढलेली रॉकेट लॅब २०१८च्या जानेवारीत कक्षेत पोचली. आपल्याकडे मात्र आयटीआयचं नाव काढलं की घरच्यांचं तोंड वाकडं.

माझा कौल विचाराल तर असा. घरावर कर्ज असेल, बहिणीचं शिक्षण राहिलं असेल, तर इस्रोचे फॉर्म भरत राहा आणि तोवर गोदरेज किंवा एल अँड टी धरा. पाठीमागे आंब्याची बाग किंवा आईबापाचा पगार असेल, तर बावीस-तेविसाव्या वर्षी स्कायरूट किंवा अग्निकुलमध्ये तीन वर्षं काढायला हरकत नाही. कंपनी बुडाली तरी हातातलं कसब बरोबर येतं आणि दुसरी कंपनी ते विकत घेते. इस्रोच्या त्या ‘एससी’ पदासाठी वयाची अट साधारण २८ची, म्हणजे तीन वर्षांनी परत अर्ज करायलाही वेळ उरतो. मुलगी संगणकाची किंवा मत्स्यशास्त्राची असेल तर बंगळुरू, दुसरा विचार नको.

स्टार्टअपला अर्ज करताना गुणपत्रिका शेवटी जोडा. स्वतः बनवलेल्या वस्तूचे फोटो, त्यात काय फसलं, दुसऱ्या वेळी काय बदललं, हे दोन पानांत आधी लिहा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मुंबईतून विकत आणलेलं तयार मॉडेल त्यात घालू नका. समोरचा दोन प्रश्नांत ओळखतो.