"मॅडम, वायरिंग तपासा" म्हणत त्याने परतीची मुदत संपवली

बारा रेडिओ मॉड्यूल, बारा अडॅप्टर आणि अकरा संध्याकाळी. एवढं घालवून बसलेय, म्हणून लिहितेय. नकली चिपा कशा खपवतात हे तुम्हाला सांगायला नको. पण नकली माल देऊन वर 'चूक तुमचीच' असं गिऱ्हाइकाच्या गळी उतरवत दिवस कसे काढतात, ते मी या वेळी भोगलं.

एनआरएफ२४एल०१ प्लस या रेडिओ चिपची, पीए-एलएनए (सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि लांब अँटेनावाली मॉड्यूल एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली होती. बागेतले नवे सेन्सर घरातल्या जुन्या रिसीव्हरला जोडायचे होते. तो दोन वर्षं २५० केबीपीएस या डेटाच्या वेगावर बिनतक्रार चालतोय. हा वेग मी विचार करून घेतलाय. २५० ला या चिपची संवेदनक्षमता उणे ९४ डीबीएम असते, १ एमबीपीएस या चौपट वेगाला उणे ८५; आकडा जितका खाली, तितका क्षीण सिग्नल ऐकू येतो. लांबच्या कोपऱ्यातला सेन्सर ऐकू यायचा तर ते ९ डीबी हवेतच.

माल आला त्याच रात्री दोन नवी मॉड्यूल टेबलावर समोरासमोर ठेवली. लगेच एकमेकांशी बोलायला लागली. मी 'माल मिळाला, समाधानी आहे' हे बटण दाबून टाकलं. समोर चालताना दिसतंय म्हटल्यावर कुणीही दाबलं असतं. तुम्ही मात्र दाबू नका. नवं मॉड्यूल नव्याशी जोडून काहीच कळत नाही, ते खात्रीच्या जुन्याशी जोडून बघायचं.

दुसऱ्या दिवशी जुन्या रिसीव्हरशी लावलं, तर एक पॅकेट पोचेना. विक्रेत्याला लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर: "मॅडम, पॉवर कमी पडतेय. व्हीसीसी (वीजपुरवठ्याची पिन) आणि ग्राउंडमध्ये कपॅसिटर टाका." आधी १० मायक्रोफॅरडचा टाकला, मग १०० चा. फरक नाही. मग म्हणाला, आर्डुइनो उनो बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर ५० मिलिअँपच मिळतात, पीए-एलएनएला शंभरच्या वर लागतात, अडॅप्टर घ्या. हे खरंच आहे. बारा अडॅप्टर त्याच्याकडूनच घेतले, वेगळे पैसे मोजून. त्यांना ३.३ नाही, ५ व्होल्ट द्या, त्यावरच्या रेग्युलेटरला व्होल्टभराच्या वर फरक लागतो, हेही त्यानेच सांगितलं. मग सीई आणि सीएसएन या पिनांच्या वायरी उलट्या झाल्यात का बघा. मग जंपर वायरी आखूड करा. मग वाय-फायपासून लांबचा चॅनेल घ्या. रोज एक सल्ला, आणि एकही चुकीचा नाही! म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ज्याला इतकं कळतं तो माणूस फसवेल असं मनातसुद्धा आलं नाही.

जे आठवलं की अजून झोप उडते ते तिसऱ्या दिवसाचं आहे. त्याने मागितला म्हणून आरएफ२४ या कोड लायब्ररीच्या प्रिंटडिटेल्सचा (चिपेची सगळी सेटिंग छापणारं फंक्शन) फोटो मी स्वतः त्याला पाठवला. सगळी रजिस्टर (चिपेतल्या सेटिंगच्या नोंदी) शून्य नव्हती, सगळी एफएफही नव्हती, पत्ते बरोबर होते. म्हणजे वायरिंग ठीक. मी तेवढंच पाहिलं. त्याच फोटोत खाली स्वच्छ लिहिलं होतं: डेटा रेट, १ एमबीपीएस. कोडमध्ये मी २५० मागितलं होतं. त्याच्या खालची ओळ: मॉडेल, एनआरएफ२४एल०१. पुढे प्लस नाही. चिपेच्या पाठीवर मात्र प्लस ठसठशीत छापलेला.

जुन्या, प्लस नसलेल्या चिपेला २५० जमतच नाही. ती गुपचूप १ एमबीपीएसवर राहते. दोन नवी एकमेकांशी बोलली ती त्यामुळेच, दोघीही १ वर अडकलेल्या. सेटडेटारेट हे वेग ठरवणारं फंक्शन 'जमलं नाही' असं उलट सांगत होतं, ते मी तपासलं नाही. पण मी ज्या नमुना कोडवरून शिकले त्यांतल्या एकातही ते तपासलेलं नव्हतं. त्याने तो फोटो पाहिला, आणि उत्तर दिलं: "मॅडम, वायर बदलून बघा."

अकराव्या दिवशी जुन्या सेन्सरमधलं मॉड्यूल डिसोल्डर करून त्याच वायरींना लावलं. पहिल्या झटक्यात चाललं. हे आधीच का केलं नाही, असं घरचेही विचारतात. चालू असलेली जोडणी तोडावी लागली असती, म्हणून नाही केलं. परतीची मुदत दहा दिवसांची होती.

विक्री मंचाकडे तक्रार केली. उत्तर: "वस्तू चालू होते, त्यामुळे सदोष नाही." वस्तू चालू होत नसल्याचा व्हिडिओ मागितला. अहो, ती चालू होते हेच तर मी लिहिलंय! दुसरी तक्रार ४० मिनिटांत बंद. तिसरीला 'वापरातील चूक' असा शेरा, आणि पुरावा म्हणून माझंच वाक्य: 'माझंच वायरिंग चुकलं असेल.' भल्या मनाने लिहिलेलं वाक्य माझ्याच अंगावर आलं. विक्रेत्याशी बोलताना असलं काही लिहू नका. बँक म्हणाली, समाधानी असल्याचं तुम्हीच कळवलंय. ऑनलाइन फसवणुकीच्या कक्षातल्या साहेबांनी विचारलं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा विचारलं, "प्लस नाही म्हणजे नेमकं काय नाही?" अर्ज घेतला नाही. दुसऱ्या खिडकीवर जा म्हणाले, ती खिडकी बंद होती. चार ठिकाणी गेले, चारही ठिकाणी आधी माझीच उलटतपासणी झाली.

शेवटी विक्रेता मॉड्यूलच्या रकमेपैकी १५ टक्के परत देतो म्हणाला, अडॅप्टरचे काही नाही, आणि अट अशी की मी मंचावर लिहिलेला अभिप्राय काढून टाकायचा. मी नाही म्हटलं.

माल हातात आला की सोल्डरिंगच्या आधी लायब्ररीतलं इज-पी-व्हेरियंट चालवा, चिप खरंच प्लस आहे का ते कळतं. एका ओळीचं काम आहे. प्रत्येक मॉड्यूलवर चालवा, एकावर नाही.

काल भावाच्या खात्यावरून त्यालाच विचारलं, जुना रिसीव्हर २५० वर आहे, चालेल ना? पाच मिनिटांत उत्तर आलं: "हो सर, चालेल. फक्त वायरिंग नीट करा."