महालातला वाडा: पाडून नवं बांधायचं की जपायचं, आणि आर्किटेक्ट कोणता घ्यायचा?

नागपूरच्या महाल-इतवारीत वडिलोपार्जित घर असलं की हा वाद घरात एकदा तरी होतोच. एका भावाला चार मजली इमारत हवी असते, दुसऱ्याचा जीव चौकातल्या सागवानी खांबांत अडकलेला असतो. आर्किटेक्टही मग दोघे आपापल्या बाजूचा शोधतात. माझं म्हणणं, आधी तो पहिल्या भेटीत काय करतो ते बघा.

नवं बांधणारा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागेल, रस्त्याची रुंदी विचारेल, एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते काढेल. ते बरोबरच आहे. पण नागपुरात त्याने आणखी दोन गोष्टी स्वतःहून काढायला हव्यात. पहिली माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून माती परीक्षणाआधी पायाचं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दुसरी ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीला मोठ्या काचा दाखवणारा नकाशा कितीही देखणा असला तरी परत करा. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. त्यावर उपाय काय, हे नकाशातच दिसलं पाहिजे.

जतन करणारा आधी मोजमाप घेतो. कोणती तुळई भिंतीत कुजली आहे, उधई कुठवर पोचली आहे, ओल किती फूट चढली आहे, कवेलू कुठे सरकले आहेत, हे सगळं कागदावर येतं आणि मगच दुरुस्ती ठरते. तुळईचं टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून नव्या सागाचा सांधा देता येतो. सवयीने नवंच बांधणारा माणूस इथे सगळं काढून आरसीसी स्लॅब सुचवतो, आणि तो भार मातीच्या जोडणीतल्या भिंतींवर येतो.

सगळ्यात जास्त नुकसान मी सिमेंटमुळे झालेलं पाहिलं आहे. आमच्या मामांच्या घरी एका ठेकेदाराने चुन्याच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारा क्षार) फुटला आणि आतल्या विटा भुसभुशीत झाल्या. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडतं. त्या घराच्या दोन फुटी भिंती भर उन्हाळ्यातही दुपार थंड ठेवायच्या. अजूनही वाईट वाटतं.

खर्चाची तुलना सरळ होत नाही. नव्या बांधकामाचा दर चौरस फुटावर ठरतो, अंदाज बराचसा टिकतो. जतनात गिलावा उघडल्याशिवाय आतलं कळत नाही, म्हणून कामानुसार दर लावून घ्या आणि हाताशी जास्तीचे पैसे ठेवा. वेळही जास्त लागतो. चुना सावकाश पक्का होतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आर्किटेक्टकडे आहे का, हे विचाराच. नसेल तर चांगला नकाशाही वाया जातो.

घर वारसा यादीत असेल तर पाडण्याचा निर्णय तुमच्या एकट्याच्या हातात नसतो. श्रेणी १ मध्ये बदलाला जवळपास वाव नाही, २ आणि ३ मध्ये परवानगीने थोडा मिळतो. बांधता न आलेल्या क्षेत्राच्या बदल्यात टीडीआरची (तो बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची) तरतूद आहे, तिची चौकशी भावांचं भांडण पेटण्याआधी करा.

खांब आणि भिंती धड असतील तर मी पुढचा वाडा राखून मागच्या परसात नवं बांधायला सांगेन, आणि दोन्ही कामं केलेला आर्किटेक्ट घ्यायला सांगेन. त्याने दुरुस्त केलेलं, निदान पाच पावसाळे झेललेलं एक घर बघून या. भिंती ओळंब्यातून सुटल्या असतील किंवा पायाच खचला असेल, तर मात्र मन घट्ट करून नवं बांधा. दारं, खांब, तुळया तेवढ्या उतरवून ठेवा. आणि पाहणी शक्यतो जुलैत करा. छप्पर कुठे गळतं आणि चौकातलं पाणी कुठे तुंबतं, ते मार्चमध्ये कुणालाच दिसत नाही.