प्रोग मेटल सुरू करायचंय? ताल-बिल राहू दे, आधी आवाज झेपतो का बघा

कुणी नुसतं विचारायचा अवकाश की प्रोग्रेसिव्ह मेटल (म्हणजे प्रोग मेटल, लांब गाण्यांचं, ताल बदलत राहणारं हेवी मेटल) ऐकायचंय, कुठून सुरू करू, की आमच्यातल्या लोकांच्या अंगातच येतं. लगेच ड्रीम थिएटरचं 'ऑक्टेव्हेरियम' घे, २४ मिनिटांचं एकच गाणं आहे, नाहीतर 'द डान्स ऑफ इटर्निटी' लाव, सहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा ताल बदलतो, असलं काहीतरी मोठ्या अभिमानाने पुढे सरकवतात. विचारणारा बिचारा हो हो म्हणतो, दोन मिनिटं ऐकतो आणि परत त्या वाटेला जात नाही.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. विषम मात्रांमुळे कुणी पळत नाही हो. ज्याला मोजता येत नाही त्याला ते कळतही नाही, फक्त कुठेतरी ठेचकाळल्यासारखं होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तीच ठेच हवीहवीशी वाटायला लागते. माणूस पळतो तो गाणाऱ्याच्या आवाजामुळे. एकाला ग्राउल म्हणजे घशातून काढलेला तो गुरगुराट सहनच होत नाही, दुसऱ्याला टिपेचा किंचाळणारा आवाज ऐकून हसू येतं, तिसऱ्याला मुळात गाणंच नको असतं, नुसती गिटार द्या म्हणतो. त्यामुळे अल्बम निवडताना कुठला बँड ग्रेट, कुठला ऐतिहासिक, हे सगळं बाजूला ठेवा आणि कुठला आवाज तुम्हाला तासभर सोबत चालेल एवढंच बघा.

ज्यांना ग्राउल अजिबात नको त्यांना मी डोळे झाकून ओपेथचा २००३चा 'डॅम्नेशन' देतो. ओपेथ म्हणजे स्टॉकहोमचा, डेथ मेटल या ग्राउलवाल्या जड प्रकारातून आलेला बँड, पण या अल्बममध्ये एक ओरडा नाही, एक जड रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) नाही, मेलोट्रॉन म्हणजे टेपवर चालणाऱ्या जुन्या कीबोर्डचा तो धुक्यासारखा आवाज आणि मिकाएल ऑकरफेल्टचं हळू आवाजातलं गाणं. कट्टर लोक म्हणतील हे मेटलच नाही. बरोबर आहे, नाहीये. पण याच माणसाचा दुसरा चेहरा नंतर बघायचाय ना, मग आधी ओळख या चेहऱ्याशी करून घ्या. 'विंडोपेन' हे पहिलंच गाणं लावा आणि त्यातला गिटार सोलो किती निवांत आहे ते बघा, कुठेही जायची घाई नाही.

त्याच्याच शेजारी पॉर्क्युपाइन ट्रीचा 'इन अ‍ॅब्सेंशिया', २००२चा. स्टीव्हन विल्सनचा बँड, आणि हाच विल्सन ओपेथच्या त्या काळातल्या अल्बमांचा प्रोड्युसरही होता, त्यामुळे दोन्हीकडे एक प्रकारचा स्वच्छपणा ऐकू येतो. 'ब्लॅकेस्ट आईज' सुरू होतं दणक्यात आणि मग अचानक एकदम गोड, गुणगुणता येईल असं गाणं निघतं, ते ऐकूनच ठरवा पुढे जायचं का नाही. गॅव्हिन हॅरिसन ड्रमर म्हणून पहिल्यांदा याच अल्बमवर आला, आणि त्याचं वाजवणं असं की अवघड काहीतरी चाललंय हे तुम्हाला पाचव्या-सहाव्या वेळी कळतं, तोपर्यंत तुम्ही नुसती मान डोलवत असता. अल्बमचा दुसरा अर्धा थोडा रेंगाळतो, हेही सांगून ठेवतो.

ज्यांना आजच्या काळातला, जाड खर्जातल्या गिटारींचा आवाज आवडतो पण ओरडणं नको, त्यांच्यासाठी टेसरॅक्टचा 'ऑल्टर्ड स्टेट', २०१३. ब्रिटिश बँड आहे, यांचे गायक आले-गेले, आणि अ‍ॅश ओहारा नावाचा गायक फक्त याच एका अल्बमवर गायलाय. संपूर्ण अल्बम स्वच्छ आवाजात. खाली गिटार आणि बेस मिळून एखाद्या तालवाद्यासारखे तुटक तुटक आघात देत राहतात आणि वरून हा आवाज लांब लांब स्वर ओढत तरंगतो, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटतं आणि मग एका जागी दोघं बरोब्बर समेवर येतात. 'नॉक्टर्न' ऐका, चार-साडेचार मिनिटांचं आहे, या जॉनरमध्ये म्हणजे जवळपास जाहिरातीएवढं. याची तक्रार एकच करता येईल, की सगळा अल्बम एकाच रंगाचा आहे, लक्ष नसेल तर कुठलं गाणं संपून कुठलं लागलं हे कळत नाही.

आता टिपेचा आवाज. इथे ड्रीम थिएटरला टाळून चालणार नाही, १९९२चा 'इमेजेस अँड वर्ड्स' हा या सगळ्या प्रकाराचा पाया आहे म्हटलं तरी चालेल. जेम्स लब्रीचा आवाज हा कायमचा भांडणाचा विषय, काही जणांना तो नाटकी वाटतो, आणि खरं सांगायचं तर काही जागी तो आहेच. पण या अल्बमवर त्याचा गळा ऐन भरात आहे. 'पुल मी अंडर' आठ मिनिटांच्या वर असूनही रेडिओवर आणि टीव्हीवर चाललं, आणि इतकं एकटंच चाललं की बँडने २००८ मध्ये संग्रह काढला तेव्हा त्याच्या नावातच 'ग्रेटेस्ट हिट' असं एकवचन ठेवलं, हिट एकच म्हणून. आणि एक सूचना, हे गाणं शेवटी मधेच कापल्यासारखं थांबतं, नेट गेलं म्हणून फोन आपटू नका, ते तसंच आहे. ड्रमचा आवाज मात्र आज जरा कोरडा, मशीनसारखा टकटक वाटतो, विशेषतः स्नेअर म्हणजे मधला कडक वाजणारा ड्रम, तो त्या काळाचा दोष म्हणून सोडून द्यायचा. 'लर्निंग टू लिव्ह' शेवटी आहे, ११ मिनिटांचं, तिथपर्यंत पोचलात तर तुम्ही आमच्यातलेच.

१९९९चा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' लोक पहिल्यांदा सुचवतात, मी दुसऱ्यांदा सुचवतो. कारण ती एक सलग गोष्ट आहे, संमोहनाखाली गेलेला एक माणूस, १९२८ मध्ये झालेला एका मुलीचा खून, मागचा जन्म, सगळं रहस्यकथेसारखं, ७७ मिनिटं. सुरुवातच घड्याळाच्या टिकटिकीने आणि संमोहन करणाऱ्याच्या बोलण्याने होते. गाण्याचे शब्द समोर ठेवून एका बैठकीत ऐकलं तर भारी मजा येते, पण एकेक गाणं सुटं उचललं तर निम्मी मजा गेली. शेवट कुणाला विचारू नका आणि शोधूही नका. तो मघाचा शंभर वेळा ताल बदलणारा तुकडा याच अल्बममध्ये आहे, आणि गोष्टीच्या ओघात तो आला की अजिबात जड जात नाही, मधेच जुन्या मूकपटातल्यासारखा पियानो वाजून जातो तेव्हा चक्क हसू येतं. सुटा काढून 'बघ किती अवघड आहे' म्हणून कुणाच्या कानात कोंबलात की मेला.

टिपेचा आवाज हवा पण ऐंशी-नव्वदच्या वळणाचा नको असेल तर नॉर्वेचा लेप्रस. आयनार सोलबर्ग इतक्या वर चढतो आणि तरी रडवेला, खाजगी वाटतो. २०१५चा 'द कॉन्ग्रिगेशन' घ्या, 'द प्राइस' हे पहिलं गाणं. एकदोन जागी किंचाळणं आहे, घाबरू नका. नंतरचा २०१९चा 'पिटफॉल्स' अजून मऊ आहे, तिथे गिटारी जवळजवळ मागच्या खोलीत गेल्यात, आणि बऱ्याच जणांना तो जास्त आवडतो, मला तितका नाही.

आता मधला पूल, जिथे खरी गंमत आहे. ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क', २००१. मला विचाराल तर अख्ख्या जॉनरमधून एकच अल्बम ठेवायचा झाला तर हा. आणि यातलं 'द ड्रेपरी फॉल्स' हे ग्राउल न आवडणाऱ्याला ग्राउल शिकवणारं गाणं आहे. सुरुवातीला अकॉस्टिक गिटार, तिच्यावर एक लांबलेला, विव्हळणारा गिटारचा स्वर, मग मऊ गाणं, जवळपास पाच मिनिटं असंच, तुम्ही पूर्ण निर्धास्त होता, आणि मग तो आवाज जमिनीखालून वर येतो. तोपर्यंत गाण्याने इतकं दुःख साठवलेलं असतं की आता साधं गाऊन भागणारच नव्हतं असं वाटतं, ओरडणंच पाहिजे होतं. मग वाकडेतिकडे, टोकदार रिफ येतात, सगळं विस्कटतं आणि शेवटी सुरुवातीचीच धून परत येते, पण आता ती तशी वाटत नाही. सगळं मिळून ११ मिनिटांच्या आसपास. हे ऐकल्यावरही ग्राउल नकोच वाटलं तर हरकत नाही, याच अल्बममधलं 'हार्वेस्ट' ऐका, पूर्ण साधं आहे, आणि वर सांगितलेल्या बाजूला खुशाल परत जा, कुणी कमी समजत नाही तुम्हाला.

आवडलं तर पुढे २००५चा 'घोस्ट रेव्हरीज'. आणि हल्लीचं काही हवं असेल तर २०२४चा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', २००८ नंतर ओपेथच्या अल्बमवर ग्राउल पहिल्यांदा परत आला तो इथे, मृत्युपत्राच्या वाचनाची गोष्ट आहे, गाण्यांना नावं नाहीत, परिच्छेदांचे नुसते आकडे आहेत, फक्त शेवटच्या गाण्याला नाव आहे, आणि जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडच्या इयान अँडरसनची बासरी आणि निवेदन आहे. छान आहे पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी फारच दाट.

टूलबद्दल लिहिलं नाही तर लोक मारायला येतील. २००१चा 'लॅटरॅलस'. शीर्षकगीतातल्या शब्दांची अक्षरं फिबोनाची क्रमाने (मागचे दोन आकडे मिळवून पुढचा) मोजून बसवलीत, मुख्य रिफ नऊ, आठ, सात मात्रा असा घसरत जातो, आणि या गोष्टी सांगून सांगून टूलच्या फॅन लोकांनी जगाला वात आणलाय. सोडा ते. डॅनी केरीचे ड्रम ऐका, हा माणूस तबलाही शिकलाय, आणि वेगवेगळ्या स्वरांच्या टॉम्सवर (घुमणाऱ्या ड्रम्सवर) तो जे बोलतो त्यात ते जाणवतं. 'स्किझम' घ्या, बेसवर सुरू होतं, पाच आणि सात असे गट आहेत, बोटांवर मोजून बघा, जमलं की लय मजा येते. गायक मेनार्डचा आवाज सगळ्यांना चालतो हे टूलचं मोठं भांडवल. पण अल्बममध्ये काही तुकडे निव्वळ वातावरणनिर्मितीचे आहेत, तिथे मी तरी पुढे ढकलतो.

ज्यांना ग्राउल आधीच झेपतो, म्हणजे साधं मेटल ऐकून कान तयार आहेत, त्यांनी सरळ गोजिराचा २००५चा 'फ्रॉम मार्स टू सिरियस' घ्यावा. फ्रेंच बँड, दोन भाऊ, एक गातो एक ड्रम वाजवतो, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात वाजवलं तेच हे. 'फ्लाइंग व्हेल्स' मध्ये व्हेलचे आवाज, मग बराच वेळ हळूहळू चढणारी गिटार, आणि मग जो काही धक्का बसतो तो कानात नाही, छातीत बसतो. मास्टोडॉनचा २००९चा 'क्रॅक द स्काय' पण याच लोकांसाठी, फक्त सात गाणी, आणि त्यात ओरडणं खरं तर कमीच आहे.

मेशुगा सगळ्यात शेवटी. २००८चा 'ऑबझेन'. येन्स किडमनचा आवाज एकाच सुरात भुंकल्यासारखा आहे आणि तसाच राहणार, त्यात चाल शोधू नका, तो आवाजही एक तालवाद्यच समजा. ऐकायची युक्ती सांगतो, गिटार आणि पायाचा ड्रम पूर्ण विसरा, फक्त टोमास हाकेच्या हातातली झांज धरा. ती बहुतेक वेळ साधी चारच्या हिशोबात वाजत असते, तिच्यावर मान हलवा, आणि मग खालचं सगळं वाकडं चाललेलं आपोआप ऐकू यायला लागतं, कुठे ते झांजेला ओलांडून जातं, कुठे मागे राहतं, कुठे परत येऊन भेटतं. 'ब्लीड' वर हे करून बघा. मान चुकेल, चुकू द्या.

गाणंच नको म्हणणाऱ्यांना अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स. तिघंच, दोन आठ तारांच्या गिटारी आणि ड्रम, वेगळा बेसवाला नाही. २०१४चा 'द जॉय ऑफ मोशन' सगळ्यात हसरा. टोसिन अबासी अंगठ्याने तारांवर जे काय करतो त्याचे व्हिडिओच आधी बघा, ऐकून विश्वास बसणार नाही. तरी अख्खा अल्बम एका दमात ऐकायची गरज नाही, तीनचार गाण्यांनंतर मलाही सगळं सारखंच वाटायला लागतं.

बिटवीन द बरीड अँड मीचा 'कलर्स' मुद्दाम वर घेतला नाही. २००७चा, आठ गाणी एकमेकांत गुंतलेली, तासाभराच्या वर, त्यात डेथ मेटलही आहे आणि मधेच गावजत्रेतल्यासारखा नाचाचा तुकडाही. मला जाम आवडतो, पण नवीन माणसाला दिला की तो आपल्याशी बोलायचं बंद करतो. आणि क्वीन्सराइकचा १९८८चा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' ज्यांना या सगळ्याचं मूळ बघायचंय त्यांनी जरूर ऐका, ऐंशीचा आवाज आहे, केस-बिस सगळं आलं त्यात, पण जेफ टेट काय गायलाय राव. फक्त २००६ मध्ये याचा दुसरा भाग निघाला, तो सापडला तर तसाच ठेवून द्या.