भंडारदऱ्याचा स्वस्त तंबू आणि दुसऱ्यांदा मागितलेले पैसे

एप्रिल संपत आला, शाळांचे निकाल तोंडावर आले, की नाशिककरांच्या मोबाइलवर एक जाहिरात फिरायला लागते. पाण्याला टेकलेले रंगीत तंबू, शेकोटी, मागे कोसळणारा धबधबा आणि खाली मजकूर: ‘भंडारदरा, माणशी ७९९, दोन वेळचं जेवण, नाश्ता, बोटिंग’. उन्हाळ्यात कमी खर्चात पोराबाळांना कुठंतरी न्यावं म्हणणारी माणसं इथंच अडकतात. या फसवणुकीची पद्धत जवळजवळ ठरलेली असते, म्हणून ती पायरीपायरीने सांगतो.

आधी तो फोटो नीट बघा. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणातून उन्हाळ्यात प्रवरेच्या कालव्यांसाठी पाण्याची आवर्तनं सुटतात, त्यामुळे मे महिन्यात आर्थर लेकचं, म्हणजे या धरणाच्या जलाशयाचं, पाणी बरंच मागे सरकलेलं असतं आणि काठाला चिखल नि दगड उघडे पडतात. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल हा धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो. डोंगरातले धबधबे पावसाळ्यातले. मेमध्ये तिथं कोरडे कातळ असतात. त्यामुळे मेच्या जाहिरातीत हिरवेगार डोंगर आणि भरून वाहणारे कडे दिसले, तर फोटो निदान त्या महिन्यातला तरी नाही. कधी तो भंडारदऱ्याचाही नसतो, लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या काठचा असतो. फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या ॲपमध्ये, टाकला की तोच आणखी चार नावांनी सापडतो. जुना फोटो वापरला एवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही, खरे व्यावसायिकही पावसाळ्यातले फोटो टाकतात. पण पुढच्या प्रश्नांची तयारी इथूनच ठेवावी.

आता पैशांचा खेळ. धरा, मोठी-लहान मिळून सहा माणसं. माणशी ७९९ प्रमाणे ४,७९४ रुपये. निम्मा ॲडव्हान्स म्हणून २,३९७ मागतात, यूपीआयने. इथवर सगळं रीतसर वाटतं. पाच मिनिटांत फोन येतो: ‘सर, पेमेंट आलंय, पण सिस्टीम अर्धी रक्कम घेत नाही, बुकिंग पेंडिंग दाखवतंय. पूर्ण ४,७९४ एकदम टाका, आधीचे आपोआप परत येतील.’ ते भरले की तंबूचं डिपॉझिट ३,०००, तेही ‘परत मिळणारं’. हिशेब केला तर ४,७९४ च्या सहलीसाठी १०,१९१ रुपये गेलेले असतात आणि हातात एक लोगो छापलेली पावती असते. पैसे परत मागितले की क्यूआर कोड येतो: ‘स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. काही जण रिफंडसाठी मोबाइलची स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला सांगतात; तिथं अख्खं खातंच उघडं पडतं.

लोक दुसऱ्यांदा पैसे का भरतात? हावेपोटी नाही. रजा मंजूर झालेली असते, मुलांना सांगून झालेलं असतं आणि पहिले अडीच हजार बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिली रक्कम पोचल्यावर ‘सिस्टीम’च्या नावाने दुसरी मागितली, तर ते बुकिंग त्याच क्षणी सोडून द्या. पहिली रक्कम परत मिळवायचा रस्ता पोलिसांकडून जातो, त्या माणसाकडून नाही.

याहून वाईट प्रकार नकाशावरचा. जागा खरी, रिव्ह्यू खरे, फक्त फोन नंबर ठकाचा. गूगल मॅपवर कुणीही बदल सुचवू शकतं आणि मालकाचं लक्ष नसेल तर खोटा नंबर तिथं बसतो. तेव्हा नकाशावरच्या नंबरावर विसंबू नका. पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंमध्ये जागेचा बोर्ड शोधा आणि त्यावर रंगवलेला नंबर ताडून बघा. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, खोली हवी असेल तर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून जा. शोधात वर दिसणारी जाहिरात उघडू नका.

फोनवर काय विचारायचं? शेंडी हे धरणाजवळचं गाव, तिथूनच सुरुवात करा: ‘शेंडीतून तुमच्याकडे यायला कुठं वळायचं? एसटीने आलो तर कुठं उतरायचं? आज पाणी तंबूपासून किती लांब आहे?’ तिथला माणूस दुकानाची, देवळाची खूण सांगतो. ठक म्हणतो, ‘लोकेशन पाठवतो.’ मग व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि कॅमेरा न थांबवता तळं, तंबू, शौचालय असं फिरवायला लावा. जलाशयाच्या दुसऱ्या टोकाच्या रतनवाडी गावाच्या बाजूला नेटवर्क खरंच दगा देतं, त्यामुळे एका नकाराने कुणाला खोटं ठरवू नये. संध्याकाळी शेंडीत आल्यावर करा म्हणावं. खऱ्या माणसाला त्यात अडचण नसते. यूपीआयवर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचा आणि हे कोण म्हणून विचारा. जीएसटीच्या नावाने वरचे अठरा टक्के मागितले तर १५ अंकी-अक्षरी क्रमांक मागा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. शिवाय साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून दर पाच टक्के आहे. छोट्या घरगुती मुक्कामाला नोंदणी नसणं मात्र गैर नाही.

नाशिककरांच्या हातात एक गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईकडच्यांच्या नाही. घोटीवरून बारीमार्गे भंडारदरा साधारण सत्तर किलोमीटर आहे. एका रविवारी दोघांनी दुचाकीवर जाऊन जागा बघून यावी, पैसे तिथंच द्यावेत. शनिवार-रविवार आणि काजव्यांचे दिवस, म्हणजे मेअखेर ते पावसाच्या तोंडापर्यंत, सोडले तर आगाऊ पैशांची घाई करण्याचं कारणच नाही. गाडी भाड्याने करत असाल तर पिवळ्या नंबर प्लेटचीच. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. एसटीने गेलात तर बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना मोफत. आजीला सोबत न्यायला हरकत नाही.

जागा खरी असूनही फसवणूक होते, तिचं स्वरूप वेगळं. ‘लेक व्ह्यू’ म्हणजे टेकडीवरून लांब दिसणारी पाण्याची रेघ, बोटिंगचे पैसे वेगळे, चाळीस माणसांना दोन शौचालयं, शेजारी रात्रभर डीजे. बुकिंगआधी हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: किती तंबूंना किती शौचालयं, दरात काय काय धरलंय, लाइफ जॅकेट आहे का, डीजे कधी बंद होतो. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, हे त्यांनाही माहीत असतं.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, आणि रागाने चॅटही डिलीट करू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ती गोठवता येते. १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर जवळ ठेवा. त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून घ्या आणि तो बँकेला द्या. पिन आपणच टाकलेला असल्यामुळे बँक भरपाईला सहसा नकार देते, तरी कळवायचंच. पुढे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.

काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त दोन हजार प्रोसेसिंग फी.’ १९३० किंवा पोलीस यासाठी एक रुपयाही घेत नाहीत. तो नंबरही आधीच्या तक्रारीत जोडा.