10,000 लक्सचा दिवा: खोक्यावरचा आकडा आणि डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड

लाइट थेरपीचा, म्हणजे नैराश्य किंवा बिघडलेल्या झोपेवर तेजस्वी उजेडाने उपचार करण्याचा दिवा घेताना बहुतेक जण खोक्यावर ‘10,000 लक्स’ छापलंय का, एवढंच बघतात. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप. तो आकडा जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. किती अंतरावर, हे मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दडलेलं असतं, आणि दिव्याची खरी किंमत तिथेच ठरते. या परीक्षणात तीन प्रकार आहेत: वहीएवढं टेबलावरचं पॅनल, स्टँडवरचं मोठं पॅनल आणि डोळ्यांवर घालायचा प्रकाश-चष्मा. निकाल आधीच सांगतो. जागा असेल तर मोठं पॅनल घ्या.

वहीएवढ्या पॅनलचं 10,000 लक्स बहुधा 15 सेंटीमीटरवर मोजलेलं असतं. 15 सेंटीमीटर म्हणजे नाक जवळजवळ दिव्याला टेकवून बसणं. तसं अर्धा तास कुणीच बसत नाही. दिवा आपोआप मागे सरकतो, आणि उजेड किती झपाट्याने पडतो ते बघा: सुमारे 20 सेंटीमीटर रुंदीचं पॅनल 15 वरून 30 सेंटीमीटरवर नेलं की 10,000 चे साधारण 3,200 उरतात, 60 वर गेलात तर 900 सुद्धा नाहीत. याउलट 40 बाय 60 सेंटीमीटरचं पॅनल 30 सेंटीमीटरवर 10,000 देत असेल, तर 45 वरही 6,000 च्या आसपास मिळतात. मान जरा हलली, खुर्ची मागे गेली तरी मात्रा फारशी बिघडत नाही. छोट्या पॅनलबद्दल ‘महिनाभर वापरलं, काही फरक नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा सर्वांत आधी टेप घेऊन डोळ्यापासूनचं अंतर मोजावं.

मात्रेचं गणित असं आहे: 10,000 लक्सला रोज 30 मिनिटं, 5,000 ला तासभर, 2,500 ला दोन तास. 1984 साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी हिवाळी नैराश्याचं वर्णन केलं, तेव्हाचे सुरुवातीचे उपचार 2,500 लक्सचे आणि म्हणूनच तासन् तास चालणारे होते. घरातल्या नेहमीच्या दिव्यांचा उजेड डोळ्यापाशी 100 ते 300 लक्स भरतो. लख्ख उन्हात 50,000 च्या वर जातो आणि ढगाळ दिवशीही बाहेर कित्येक हजार लक्स असतात. म्हणून सकाळी अर्धा-पाऊण तास बाहेर फिरणं ज्यांना जमतं, त्यांना बऱ्याचदा दिव्याची गरजच पडत नाही. पहाटे अंधारात कामाला लागणाऱ्यांना, दिवस फार लहान असणाऱ्या प्रदेशांत राहणाऱ्यांना किंवा घराबाहेर पडता येत नाही अशांना तो खरा उपयोगी.

एवढा उजेड का लागतो, याचं उत्तर डोळ्याच्या पडद्यात आहे. तिथल्या काही मोजक्या चेतापेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला ते सर्वांत जास्त दाद देतं, पण त्यासाठी उजेड भरपूर लागतो. या पेशींचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही, ‘बाहेर दिवस आहे’ हे कळवणं आहे. त्यांचे तंतू थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या सुप्राकायझमॅटिक केंद्रकात जातात. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी दोन केंद्रकं, दोन्ही मिळून जेमतेम 20,000 पेशी, पण झोप, शरीराचं तापमान, कॉर्टिसोल आणि मेलॅटोनिन ही संप्रेरकं यांचं वेळापत्रक तिथूनच हलतं. हेच शरीराचं घड्याळ. माणसाचं हे घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा थोडं जास्तीचं, म्हणजे सुमारे 24 तास 10 मिनिटांचं असतं. ते रोज पुढे ओढावं लागतं, आणि ओढणारा मुख्य हात सकाळचा उजेड.

म्हणून वेळ चुकली की चांगला दिवाही उलटा पडतो. नेहमीची जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे झोप आणि जाग लवकर येऊ लागते. त्याआधीचा मागे ढकलतो. सकाळी सातला उठणाऱ्याने चारला गजर लावून दिव्यासमोर बसलं तर झोप आणखी उशिरा येऊ लागेल. उठल्यापासून तासाभराच्या आत, रोज ठरल्या वेळी, हे बहुतेकांना लागू पडतं. संध्याकाळी उशिरा दिवा लावून ‘झोपच येत नाही’ म्हणणाऱ्यांचा दोष दिव्याचा नसतो.

बसण्याची पद्धत: दिवा डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर, समोरून जरा बाजूला. टक लावून बघायचं नाही. चहा, वाचन, नाश्ता चालू द्या, डोळे उघडे हवेत. फार कडेला ठेवला तर तिरपेपणामुळे उजेड घटतो. 45 अंशांवर सत्तर टक्केच उरतो. मान खाली घालून फोन बघत बसलात तर त्याहूनही कमी.

पांढरा की निळा? पांढराच घ्या. बहुतेक अभ्यास पांढऱ्या प्रकाशावर झाले आहेत, आणि नुसता निळा डोळ्यांना जास्त टोचतो. समोरचं डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारं आवरण, दुधाळ, सलग असावं. एलईडीचे ठिपके वेगवेगळे दिसत असतील तर डोकं दुखण्याची शक्यता वाढते. मंद करण्याची सोय बऱ्याच दिव्यांत उजेड झपाट्याने चालू-बंद करून केलेली असते. फोनचा कॅमेरा पॅनलवर धरून मंदतेची पायरी बदलत जा, पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले तर लुकलुक आहे. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे दिवा बंद करून सुरू केल्यावर काही मॉडेल मागच्या मंद पायरीवरच उजळतात. ते लक्षात न आल्याने आठवडेच्या आठवडे अर्धीच मात्रा घेतली जाते. पेटवल्या पेटवल्या पूर्ण उजेड देणारं मॉडेल बरं.

प्रकाश-चष्म्याची मोठी सोय म्हणजे वावरता येतं, अंतरही बदलत नाही. पण डोळ्यापाशी नेमका किती उजेड पडतो, हे घरी तपासायला मार्ग नाही, आणि नाकावरून तो थोडा जरी घसरला तरी प्रकाश भुवईवर पडतो. दिव्यासमोर बसणं शक्यच नसेल तर विचार करावा.

खोक्यावरचं ‘सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) वाढवतो’ हे वाक्य बाजूला ठेवा. मेंदूतलं सेरोटोनिन घरी मोजता येत नाही. त्यापेक्षा 2016 चा एक प्रयोग पाहा: बिगर-हंगामी नैराश्याच्या 122 जणांवर, आठ आठवडे, रोज सकाळी 10,000 लक्स 30 मिनिटं. तुलनेसाठी बनावट उपचार म्हणून आतून निकामी केलेलं आयन-यंत्र (हवेत विद्युतभारित कण सोडणारं) आणि निष्क्रिय गोळी होती. नुसता प्रकाश त्याहून सरस ठरला, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीसोबत दिलेला प्रकाशही. एवढ्याशा संख्येवरून डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. फरक साधारण एक-दोन आठवड्यांत जाणवू लागतो, आणि दिवा सोडला की ओसरूही लागतो.

सुरुवातीला डोकं दुखणं, डोळ्यांवर ताण, मळमळ, चिडचिड होऊ शकते. 10-15 मिनिटांपासून सुरू करा, आठवडाभरात 30 वर न्या. बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय दिवा लावूच नका, प्रकाशाने उन्माद भडकू शकतो. झोप अचानक कमी होऊनही उत्साह वाढत चालला, विचार धावू लागले, तर त्याच दिवशी थांबा. डोळ्याच्या पडद्याचे आजार असणाऱ्यांनी, तसंच डॉक्सिसायक्लिन किंवा अमिओडॅरोनसारखी प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. आत्महत्येचे विचार येत असतील तर दिव्याच्या परिणामाची वाट बघत बसू नका, लगेच मदत घ्या.

विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक काम करा. साधा लक्स मीटर डोळ्याच्या जागी, तुम्ही खरोखर बसता त्या खुर्चीत, त्याच अंतरावर धरा. फोनचं अॅप केवळ अंदाजापुरतं. आकडा 5,000 च्या खाली आला आणि खुर्ची पुढे ओढायला जागा नसेल, तर दिवा परत द्या आणि मोठं पॅनल मागवा.