ज्योतिबा, आंगणेवाडी की माळेगाव: कोणत्या जत्रेला जावं?

आधी तारीख बघा, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या ज्योतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला; दोन्ही दिवस पंचांगात आधीच सापडतात. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. देवीचा कौल झाला की तारीख जाहीर होते, बहुधा फेब्रुवारी-मार्चमधली. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या लगेच भरतात, त्यामुळे तारीख कळली त्याच दिवशी तिकीट बघायचं. नाहीच मिळालं तर जादा गाड्यांवर लक्ष ठेवायचं. उतरायचं कणकवली किंवा कुडाळला.

डोळ्यांचं पारणं फिटायला हवं असेल तर ज्योतिबाच. पण सकाळी दर्शन घेऊन परत फिरणाऱ्यांना खरी यात्रा दिसतच नाही. निनाम पाडळीच्या मानाच्या काठीमागून सासनकाठ्यांची मिरवणूक निघते आणि संध्याकाळी पालखी यमाई देवीच्या मंदिराकडे जाते, म्हणजे दुपार डोंगरावरच काढावी लागते. ऊन एप्रिलचं आणि अनवाणी पायांखाली तापलेली फरशी. काठी उंच वेळूची, वरपर्यंत वस्त्रांनी सजवलेली. ती नाचवताना तोल सांभाळतात ते दोर धरलेले गडी. त्यामुळे दोरांच्या आत उभं राहू नये, फोटोसाठी तर नाहीच. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा. गुलाल घामासोबत डोळ्यात उतरतो. चोळलात तर जास्त झोंबतो, पाण्याने धुवा. दम्याच्या माणसाने हा दिवस टाळून एरवी जावं, देव तोच आहे.

आंगणेवाडीला रंगांची उधळण नाही, इथं कसोटी रांगेची. ओटीचं सामान (खण, नारळ, तांदूळ) आधीच हाताशी ठेवा. रात्री आंगण्यांच्या घरातल्या बायका तोंडाने शब्द न काढता देवीसाठी प्रसाद रांधतात. तो सोहळा अनुभवायचा तर मुक्काम हवा, आणि मालवणच्या खोल्या तारीख जाहीर होताच जातात. म्हातारी माणसं सोबत असतील तर दुसऱ्या दिवशीची मोडजत्रा गाठा. गर्दी ओसरलेली असते.

लेकरांना घेऊन पहिल्यांदाच जत्रा दाखवायची असेल, तर आमचं मत माळेगावला. ही जत्रा चार-पाच दिवस चालते, त्यामुळे सगळी गर्दी एकाच वेळेला एकाच दारावर येत नाही. देवस्वारी, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, पहिल्या दिवशी. घोडे, गाढवं, उंट बघायचे तर सुरुवातीलाच जा, सौदे झाले की बाजार विरळ होत जातो. कुस्त्या आणि लावणी त्यापुढच्या दिवसांत. घोड्याच्या मागून कधीच जाऊ नका, बिचकला की लाथ बसते. लेकरू कडेवर घ्या. मुक्काम नांदेडला करा. गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, पण यात्रेत हाच रस्ता तुंबतो, म्हणून सकाळी लवकर निघा. रात्री थंडी चांगलीच असते, स्वेटर हवाच.

तिन्हीकडे फोन लागेलच याचा भरवसा नाही. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते गाडीतून उतरतानाच ठरवा आणि लेकरांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी घाला.